श्वासावाटे शिरणारी नशा : बंदरावरील पहारा आणि गावातील दुकान

मादक द्रव्ये म्हटली की दारू, गांजा आणि अफू हीच नावे आपल्याला प्रथम सुचतात. परंतु व्यसनांच्या यादीत एक वर्ग असा आहे, की त्यातील बहुतेक पदार्थ नशेसाठी तयार झालेलेच नसतात. शाई खोडण्याचे व्हाइटनर, सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन, रंगात मिसळण्याचा थिनर, पेट्रोल, चिकट डिंक हे सारे आपल्या रोजच्या व्यवहारातील जिन्नस आहेत. त्यांची वाफ फडक्यावर किंवा पिशवीत घेऊन हुंगली असता काही क्षणांत गुंगी येते, काही मिनिटांत ती उतरते आणि मूल पुन्हा हुंगते. यास वैद्यकात इनहेलंटचे व्यसन म्हणतात.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. अन्य सर्व मादक पदार्थांचे सेवन प्रौढांत अधिक आढळते. इनहेलंट हा एकमेव वर्ग असा, की त्याचे प्रमाण मुलांत प्रौढांहून जास्त निघाले. १० ते १७ या वयोगटात ते १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के होते. देशातील सुमारे ४ लाख ६० हजार मुलांना या व्यसनासाठी मदतीची गरज आहे, असा त्या पाहणीचा अंदाज होता आणि अशा मुलांची संख्या अधिक असलेल्या राज्यांत आपले शेजारी महाराष्ट्र राज्यही होते.

अशा वेळी ‘सरकार हे पदार्थ देशात येऊच का देते?’ असा प्रश्न सुजाण नागरिकही विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे, आणि बीदर-कलबुर्गीच्या आपल्या सीमाभागात आपल्या हाती काय उरते ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चार वर्ग

नियंत्रणाचा विचार करण्यापूर्वी पदार्थांचे वर्ग ध्यानी घ्यावयास हवेत. पहिला वर्ग बाष्पनशील द्रावकांचा. टोल्युइन, हेक्झेन, अ‍ॅसिटोन आणि व्हाइटनरमध्ये पूर्वी सर्रास वापरली जाणारी क्लोरीनयुक्त द्रावके यात येतात. दुसरा वर्ग फवाऱ्याच्या डब्यांचा. त्यांतील रंग अथवा सुगंधापेक्षा तो बाहेर ढकलणारा वायू घातक असतो. तिसरा वर्ग वायूंचा. लायटरमधील ब्युटेन आणि भूल देण्यासाठी आपण शस्त्रक्रियागृहात वापरतो तो नायट्रस ऑक्साइड हे त्यात मोडतात. चौथा वर्ग अल्किल नायट्राइटचा. अ‍ॅमिल नायट्राइट हे एकेकाळी हृदयशूलावर दिले जात असे आणि सायनाइडच्या विषबाधेवरील उतारा म्हणून ते ग्रंथांत आजही आढळते. पाश्चात्त्य देशांत त्याची भावंडे ‘पॉपर्स’ या नावाने क्षणिक सुखासाठी विकली जातात.

या चार वर्गांपैकी आयातीच्या नियंत्रणाला खऱ्या अर्थाने सापडू शकतो तो चौथा वर्ग आणि काही अंशी तिसरा. पहिले दोन वर्ग त्या जाळ्यातून सहज निसटतात. कसे, ते पुढे पाहू.

आयातीवरील नियंत्रणे

आपल्याकडे औषधांच्या आयातीचे नियमन १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम यांखाली होते. विक्रीसाठी औषध आणावयाचे तर नोंदणी व परवाना लागतो आणि माल ठरवून दिलेल्या बंदरांतून अथवा विमानतळांवरूनच आत येऊ शकतो. स्वतःच्या उपयोगासाठी थोडे औषध मागवावयाचे झाल्यास वैद्यकाच्या चिठ्ठीसह अर्ज करून परवाना घेण्याची तरतूद आहे. अ‍ॅमिल नायट्राइट हे औषध असल्यामुळे ते या चौकटीत बसते. कोणी तेच रसायन ‘चामडे स्वच्छ करण्याचे द्रव’ अथवा ‘खोलीतील सुगंधी’ अशा खोट्या नावाने मागविले, तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार तो माल जप्त होऊ शकतो. नायट्रस ऑक्साइडही वैद्यकीय वापरासाठी औषध म्हणूनच गणला जातो.

अन्य देशांनी या बाबतीत वेगवेगळे मार्ग चोखाळले. अमेरिकेने १९८८ मध्ये ब्युटिल नायट्राइटवर आणि १९९० मध्ये त्याच्या इतर भावंडांवर बंदी आणली. ऑस्ट्रेलियाने २०२० पासून अधिक बारकाईने वर्गवारी केली. अ‍ॅमिल नायट्राइट औषधविक्रेत्याच्या हातून मिळावे, आयसोब्युटिल नायट्राइटला डॉक्टरांची चिठ्ठी लागावी आणि दृष्टिपटलाला इजा करणाऱ्या आयसोप्रोपिल नायट्राइटला मात्र पूर्ण मनाई असावी, अशी ती रचना आहे. नायट्रस ऑक्साइडच्या बाबतीत नेदरलँड्सने जानेवारी २०२३ मध्ये आणि ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये नशेसाठीचा वापर कायद्याने रोखला; वैद्यकीय व औद्योगिक वापर चालू ठेवला.

आता पहिल्या वर्गाकडे, म्हणजे द्रावकांकडे वळू. टोल्युइन, अ‍ॅसिटोन आणि मिथिल इथिल कीटोन ही नावे संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या कराराच्या दुसऱ्या तक्त्यात आहेत, हे अनेकांस ठाऊक नसते. परंतु ती तेथे आली ती कोकेन व हेरॉइन तयार करण्याच्या कामी येतात म्हणून. मुले ती हुंगतात म्हणून नव्हे. आपल्याकडील १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली निघालेला नियंत्रित द्रव्यांचा १९९३ चा आदेश आणि त्याची जागा घेणारा २०१३ चा आदेश याच विचारातून आले. त्यानुसार ठरावीक रसायनांच्या आयात-निर्यातीस ग्वाल्हेर येथील केंद्रीय नार्कोटिक्स आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ही व्यवस्था चोरट्या प्रयोगशाळेला रोखण्यासाठी आहे. बसस्थानकामागे बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातातील फडके तिच्या नजरेच्या टप्प्यात येतच नाही.

ते येणे शक्यही नाही. टोल्युइन हा रंग, छपाईची शाई, चिकटद्रव्ये आणि औषधी रसायने यांच्या उद्योगाचा कच्चा माल आहे. तो टँकरच्या टँकर भरून बंदरांवर उतरतो आणि देशातही तयार होतो. तो अडविला तर कारखाने बंद पडतील. त्या टँकरमधील शेवटचे काही थेंब वीस-तीस रुपयांच्या नळीत भरून गावातील दुकानात येतात. तेथे ना सीमाशुल्क अधिकारी असतो, ना नार्कोटिक्स आयुक्त. तेथे असतो फक्त दुकानदार.

दुकानावरील नियंत्रण

हे जाणूनच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१२ मध्ये वेगळे पाऊल उचलले. बाटलीतील शाई-खोडकाचे उत्पादन, तसेच त्यासाठीच्या व नखपॉलिशच्या बाटलीबंद थिनरची विक्री, यांवर मनाई घालण्यात आली. व्हाइटनर पेनसारख्या साधनातच मिळावे, त्यातून एका वेळी अल्पच द्रव बाहेर यावे आणि त्यावर वाफ हुंगण्याच्या दुष्परिणामांची सूचना छापलेली असावी, असे ठरले. या निर्णयाचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. वस्तू बंद केली नाही; तिचा आकार असा बदलला की तिचा गैरवापर अवघड व्हावा.

मात्र या नियमाची मर्यादाही उघड आहे. पंक्चरचे सोल्यूशन, रंगाच्या दुकानातील थिनर आणि पेट्रोल त्याच्या बाहेर राहिले. फुग्याची एक बाजू दाबली की दुसरी फुगते, तसे व्यसनाचे असते. शिवाय २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७७ वे कलम मुलाला मद्य, अमली पदार्थ, तंबाखू अथवा मनःप्रभावी द्रव्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. परंतु सोल्यूशन वा थिनर यांचा त्यात नावानिशी उल्लेख नाही. म्हणजे विडी विकणारा कायद्याच्या कक्षेत स्पष्टपणे येतो आणि सोल्यूशन विकणाऱ्याबाबत वाद घालण्यास वाव उरतो.

परदेशांतील दोन उदाहरणे येथे मार्गदर्शक ठरतील. ब्रिटनमध्ये अशा पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंची नोंद लंडनमधील सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयाने वर्षानुवर्षे ठेवली. १९९० साली तेथे १५२ मृत्यू नोंदले गेले. पुढे १९९९ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना लायटरच्या गॅसचे डबे विकण्यास मनाई झाली. दुसरे उदाहरण मध्य ऑस्ट्रेलियाचे. तेथील दुर्गम वस्त्यांत आदिवासी मुले पेट्रोल हुंगत. पेट्रोलवर बंदी घालणे अशक्य होते. म्हणून २००५ पासून नशा आणणारे सुगंधी हायड्रोकार्बन ज्यात अत्यल्प आहेत असे पेट्रोल तेथे पुरविण्यात आले आणि २०१३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. ज्या वस्त्यांत पाहणी झाली तेथे पेट्रोल हुंगणाऱ्यांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटली. जेथे वस्त्यांतील वडीलधाऱ्यांनी हे पेट्रोल स्वतः मागून घेतले, तेथे ते रुजले.

सीमाभागाची अडचण

आता आपल्या अंगणाकडे पाहू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बीदर व गुलबर्गा हे हैदराबाद संस्थानाचे जिल्हे होते. आज भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद या तालुक्यांतील मराठी कुटुंबांचे सोयरसंबंध उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोटशी आहेत आणि रोजगार हैदराबाद, सोलापूर, पुण्याकडे आहे. बीदरहून भालकी, उदगीर, लातूर रोडकडे जाणारी गाडी आणि सोलापूरहून कलबुर्गी, वाडीकडे जाणारी गाडी एका दिवसात राज्यांच्या सीमा ओलांडतात. घर सोडलेले मूल याच गाड्यांत सापडते.

केंद्राचा नियम तिन्ही राज्यांत एकच असला तरी त्याची अंमलबजावणी करणारे अधिकारी प्रत्येक राज्याचे निराळे आहेत. भालकीत दुकानदारांनी सोल्यूशन देणे थांबविले आणि उदगीरला ते मिळत राहिले, तर फारसे काही साधत नाही. सोलापूर स्थानकावर सापडलेले मूल आळंद तालुक्यातले निघाले, तर त्याचे कागद एका राज्याच्या बालकल्याण समितीकडून दुसऱ्या राज्याच्या समितीकडे जाईपर्यंत उपचाराचा धागा तुटतो. बाप ऊसतोडीला वा बांधकामावर गेलेला, घरची भाषा मराठी, शाळेची कन्नड आणि वस्तीची उर्दू, अशा मुलाची कहाणी एका केसपेपरवर पूर्ण उतरत नाही. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वैद्यकांनी एकमेकांशी थेट संपर्क ठेवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

हैदराबादचा क्लोरोफॉर्म आयोग

वैद्यकाच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत गंभीर भाग म्हणजे अचानक येणारा मृत्यू. तो समजून घेण्यासाठी आपल्याच जुन्या संस्थानातील एक प्रकरण आठवणे उपयुक्त ठरेल.

इंग्लंडमध्ये जानेवारी १८४८ मध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेवेळी क्लोरोफॉर्म हुंगताच दगावली. क्लोरोफॉर्म श्वास थांबवून मारतो की हृदय थांबवून, हा वाद त्यानंतर अनेक दशके चालला. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते, की धोका श्वासाला असतो, हृदयाला नव्हे. ते सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये पहिला आणि १८८९ मध्ये दुसरा हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने त्याचा खर्च उचलला आणि लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ मुद्दाम आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूने निघाला आणि तो जगभर वाचला गेला.

परंतु तो निष्कर्ष अपुरा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखविले, की क्लोरोफॉर्मची हलकी गुंगी असताना अ‍ॅड्रिनलिन उसळले तर हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन ते बंद पडते. धोका गाढ बेशुद्धीत नसून अर्धवट गुंगीत व घाबरलेल्या अवस्थेत अधिक होता. पुढे १९७० मध्ये अमेरिकेत मिलार्ड बास यांनी द्रावके व फवारे हुंगून दगावलेल्या ११० तरुणांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत तेच सूत्र पुन्हा दिसले. अनेक जण हुंगल्यानंतर धावपळ किंवा मानसिक ताण आल्यावर कोसळले होते. द्रावक हृदयाला अ‍ॅड्रिनलिनबाबत हळवे करते आणि भीती ते अ‍ॅड्रिनलिन पुरविते.

यातून निघणारा बोध प्रत्येक शिक्षकाने, पोलिसाने आणि पालकाने लक्षात ठेवावा. हुंगत असलेल्या मुलाच्या मागे धावू नये, त्याच्यावर ओरडू नये, त्याला मारू नये. शांतपणे जवळ जावे, फडके अथवा पिशवी दूर करावी, मोकळ्या हवेत बसवावे आणि गुंगी उतरेपर्यंत सोबत राहावे. पहिल्यांदाच हुंगणारे मूलही याच रीतीने दगावू शकते.

वैद्यकबंधूंसाठी

तोंडाभोवती व नाकाखाली कोरडा चट्टा, कपड्यांना रसायनाचा वास, बोटांवर पांढरे वा पिवळट डाग, लाल डोळे, तोल जाणे, भूक मंदावणे आणि शाळेतील घसरण ही सामान्य लक्षणे आहेत. दीर्घकाळ टोल्युइन हुंगणाऱ्यात मूत्रपिंडाच्या नलिकांत दोष येऊन रक्त आम्लधर्मी होते आणि पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते. हातापायांतील शक्ती अचानक गेलेला किशोर आला तर नियतकालिक पक्षाघाताबरोबर याचाही विचार करावा. मेंदूच्या श्वेतद्रव्याची हानी, लघुमेंदूचे विकार आणि हेक्झेनमुळे होणारा चेतादाह ही उशिरा दिसणारी रूपे होत. लघवीतील हिप्युरिक आम्लाची तपासणी टोल्युइनची सूचना देते. मात्र बेंझोएट घातलेल्या शीतपेयांनीही ते वाढते, म्हणून त्या एकट्या तपासणीवर निदान करू नये.

तातडीच्या प्रसंगी प्राणवायू, शांत खोली, ईसीजी आणि पोटॅशियम यांकडे प्रथम लक्ष द्यावे. हृदय बंद पडल्यास छातीदाब आणि विद्युत्-धक्का हे नेहमीचे उपचार विनाविलंब करावेत. नाडी चालू असताना मात्र अ‍ॅड्रिनलिनसारखी औषधे शक्यतो टाळावीत. ठोके वारंवार बिघडत असतील तर बीटा-ब्लॉकर उपयुक्त ठरते.

नायट्राइट घेतलेला रुग्ण निळसर दिसतो, प्राणवायू देऊनही पल्स ऑक्सिमीटर ८५ टक्क्यांच्या आसपास अडकतो आणि रक्त चॉकलेटी दिसते. हा मेथेमोग्लोबिनचा विकार होय. मिथिलीन ब्ल्यू किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम शिरेतून हळू द्यावे. जी-सिक्स-पीडीची उणीव असल्यास ते टाळावे. सिल्डेनाफिलबरोबर नायट्राइट घेतल्यास रक्तदाब जीवघेणा उतरतो. नायट्रस ऑक्साइड ब-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. त्यामुळे तरुणाला पायांत मुंग्या आणि चालताना तोल जाणे सुरू झाले असेल तर तो प्रश्न विचारावा. आपल्या रुग्णालयातील या वायूच्या सिलिंडरांचा हिशेब चोख ठेवणे, हेही नियंत्रणाचेच एक अंग आहे.

व्यसनमुक्तीसाठी या वर्गावर खास औषध नाही. समुपदेशन, कुटुंबाचा आधार, पोषण आणि शाळेत परतणे हाच उपचार आहे. बीदर आणि कलबुर्गी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांच्याकडे अशा मुलांना वेळेवर पाठवावे. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचे व्यसनचिकित्सा केंद्र आहे.

आपल्या हाती काय?

कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगी चार कामे आहेत. पहिले, आपल्या बाजारपेठेतील स्टेशनरी, सायकल आणि रंगाच्या दुकानदारांना भेटून, एकट्या मुलाला सोल्यूशन अथवा थिनर न देण्याची विनंती करावी. एकाच मुलाने पुन्हा पुन्हा नळी मागितली तर तो दुरुस्तीसाठी नेत नाही, हे दुकानदार कोणाहीपेक्षा आधी ओळखतो. दुसरे, शाळांतून बाटलीतील व्हाइटनरला मनाई असावी. चूक झाल्यास शब्दावर एक रेघ मारणे पुरेसे आहे. मुलांपुढे बोलताना मात्र कोणता पदार्थ कसा हुंगतात याचे वर्णन टाळावे, कारण कुतूहल हेही या व्यसनाचे दार आहे. तिसरे, माहितीपत्रके कन्नड, मराठी व उर्दू या तिन्ही भाषांत असावीत आणि त्यांवर बालकांसाठीचा १०९८, व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक ठळक छापावेत. चौथे, उदगीर, लातूर, सोलापूर येथील वैद्यकमित्रांशी मिळून अशा मुलांसाठी संदर्भचिठ्ठीचा एक समान नमुना ठरवावा, म्हणजे सीमा ओलांडली तरी उपचार खंडित होणार नाही.

बंदरावरील पहारा आवश्यक आहे. नायट्राइटच्या कुप्या आणि वायूच्या नळकांड्या तेथेच अडविल्या पाहिजेत. परंतु आपल्या मुलांच्या नाकाशी जाणारी वाफ समुद्रापलीकडून आलेल्या चोरट्या मालाची नाही. ती आपल्याच पेठेतून, रीतसर किमतीला आणि उजेडी विकत घेतलेली आहे. तिच्यावर पहारा ठेवण्याचे काम कोणत्याही आयुक्ताकडे सोपविता येत नाही. दुकानदार, शिक्षक, पालक आणि वैद्यक यांनी ते वाटून घ्यावयाचे आहे. अशा मुलाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानले, तर तो पळणार नाही. आणि तो पळाला नाही, तर त्याचा जीव वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते.